सोनेरी कांठाचे पेले

कांचेचा इतिहास सांगणारे बहुतेक ग्रंथ एकाच वाटेनें जातात. सीरियाच्या किनाऱ्यावर फुंकनळीचा शोध, रोमन साम्राज्यांत तिचा प्रसार, व्हेनिसजवळचें मुरानो बेट, बोहेमियांतील कारागीर, इंग्लंडांत सतराव्या शतकांत निघालेली शिसेमिश्रित लखलखीत कांच, आणि शेवटीं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस श्रीमंतांच्या मेजांवर मिरवणारीं खोल पैलूंचीं पात्रें. येथपर्यंत आलें म्हणजे ग्रंथकार लेखणी खालीं ठेवतो. पुढें यंत्र आलें, पेला स्वस्त झाला, आणि जें स्वस्त झालें त्यास इतिहास कसला, असा त्याचा समज असावा. परंतु गेल्या कांहीं वर्षांत अमेरिकेंत एक निराळाच प्रकार दिसून येत आहे. सन १९४५ ते १९६५ या वीस वर्षांत तेथील सामान्य घरांतून जे यंत्रनिर्मित, सोनेरी नक्षीचे, आठ-आठांच्या संचानें विकले जाणारे पेले होते, ते आज जुन्या बाजारांतून वेंचून आणून लोक मोठ्या हौसेनें मांडून ठेवतात. इतकेंच नव्हे, तर पाहुणे आले म्हणजे त्यांतूनच त्यांस पेय देतात. ह्या हौसेचें मूळ कोठें आहे, आणि त्या पेल्यांच्या अंगीं संग्रह करण्यासारखें खरोखर कांहीं आहे कीं नाहीं, याचा विचार प्रस्तुत लेखांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

वाचकांस कदाचित् नवल वाटेल, पण पिण्याच्या ह्या पेल्यांची कथा दारूबंदीपासून आरंभावी लागते. ता. १७ जानेवारी १९२० पासून अमेरिकेच्या राज्यघटनेंतील अठराव्या दुरुस्तीनें मद्य तयार करणें, विकणें व त्याची नेआण करणें बेकायदा ठरलें, तें ५ डिसेंबर १९३३ रोजीं एकविसावी दुरुस्ती होईपर्यंत तसेंच राहिलें. मात्र आपल्या घरांत बसून प्राशन करणें हा त्या कायद्याच्या दृष्टीनें गुन्हा नव्हता. याचा परिणाम असा झाला कीं, जो व्यवहार पूर्वीं गुत्त्यांत, उभ्यानें आणि केवळ पुरुषांच्या संगतींत होई, तो घरच्या दिवाणखान्यांत शिरला, व तेथें साहजिकच स्त्रियांचा त्यांत प्रवेश झाला. चोरट्या मद्याची उग्र चव फळांच्या रसानें व साखरेनें झांकावी लागे. त्यामुळें मिश्रणांचे प्रकार वाढले आणि प्रत्येक मिश्रणास निराळ्या आकाराचा पेला असावा अशी रूढि बळावली. बंदी उठली तेव्हां गुत्ते पुन्हां उघडले खरे, पण घरांत शिरलेली चाल घराबाहेर गेली नाहीं. कायद्यानें जी गोष्ट मोडावयाची ती त्यानेंच अधिक सभ्य व अधिक घरगुती करून ठेवली, असें म्हणण्यास हरकत नाहीं. लगेच पुढल्या वर्षांत कांचेच्या कारखानदारांनीं मिश्रणें हलविण्याचीं उंच पात्रें व त्यांस जुळणारे पेले उघडपणें बाजारांत आणिले. हेझल-ॲटलस कंपनीच्या गडद निळ्या कांचेवर पांढऱ्या शिडांच्या नौका रंगविलेले संच त्याच दशकाच्या अखेरचे असून आजहि ते संग्राहकांच्या फार आवडीचे आहेत. ओघांत आलें म्हणून सांगतों: अमेरिकन गृहस्थ हे पेले घरोघर जमवीत होता, त्याच सुमारास, म्हणजे १९४९ मध्यें, मुंबई प्रांतानें आपला दारूबंदीचा कायदा केला. तेव्हां हे पेले त्या काळीं आमच्याकडे आले असते, तर त्यांतून निदान उघडपणें तरी कोकमाचें सरबत आणि पन्हेंच वाढलें गेलें असतें.

आतां पेल्याच्या जन्माकडे वळूं. वाळू, सोडा आणि चुना हे साध्या कांचेचे तीन घटक. त्यांचा रस भट्टींत सिद्ध झाला म्हणजे त्यास आकार देणें हें कौशल्याचें काम. हें कौशल्य शतकानुशतकें माणसाच्या फुप्फुसांत व मनगटांत होतें. एक फुंकणारा, एक रस उचलून देणारा, एक कांठ नीट करणारा, आणि सांचा उघडणारीं व तयार माल निवविण्याच्या भट्टीकडे धांवत नेणारीं लहान पोरें, असा एकेक मेळ असे. मायकेल ओवेन्स हा कोळशाच्या खाणींतील मजुराचा मुलगा वयाच्या दहाव्या वर्षीं अशाच मेळांत कामास लागला होता. पुढें न्यू इंग्लंड ग्लास कंपनीचे चालक एडवर्ड ड्रमंड लिबी यांनीं १८८८ मध्यें आपला कारखाना मॅसॅच्युसेट्समधून ओहायो संस्थानांतील टोलेडो शहरीं हलविला, तेथें ओवेन्स त्यांस मिळाला. आणि १९०३ च्या सुमारास त्यानें बाटल्या करणारें जें स्वयंचलित यंत्र सिद्ध केलें, त्यानें दोन हजार वर्षांची फुंकनळी एका पिढींत अडगळींत टाकली. कारखान्यांतून बालमजुरी हटविण्यास जीं कारणें घडलीं त्यांत ह्या यंत्राची गणना होते. ज्या पोराचें बालपण भट्टीपुढें करपलें त्यानेंच तें यंत्र करावें, हा योगायोग लक्षांत ठेवण्यासारखा आहे. कारण यंत्रनिर्मित पेला दिसला कीं हातकामाच्या ऱ्हासाबद्दल हळहळणारे रसिक ही बाजू सहसा सांगत नाहींत.

आमच्या महाराष्ट्रांतहि कांचेचें वेड त्याच काळीं शिरलें होतें. अंताजी दामोदर काळे यांनीं दारोदार एकेक पैसा मागून उभारलेल्या पैसा फंडांतून १९०८ सालीं तळेगांव दाभाडे येथें कांचेचा कारखाना निघाला. त्याच्या पाठीशीं लोकमान्य टिळक होते, आणि त्याची तांत्रिक सूत्रें जपान व अमेरिकेंत ही विद्या शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय यांच्या हातीं होतीं. तेथें कारखाना आणि शाळा एकत्रच नांदत, आणि त्या शाळेंतून बाहेर पडलेल्या माणसांनीं पुढें हा धंदा देशभर नेला. पुढें कऱ्हाडजवळ ओगलेवाडीस निघालेल्या कारखान्याचा प्रभाकर कंदील तर घरोघर गेला. परंतु आमच्याकडे कांच ही स्वदेशीची प्रतिज्ञा होती, उजेडाची सोय होती. पाहुणचाराची शोभा होण्याइतकी सवड तिला मिळाली नव्हती. अमेरिकेंत ती सवड यंत्रानें दिली.

ती कशी, हें पाहण्यास १९२९ नंतरच्या मंदीचा काळ पाहावा. ओहायोंतील लँकेस्टर गांवच्या हॉकिंग कंपनीनें ह्या काळांत मिनिटाला नव्वद नग काढणारें यंत्र चालविलें आणि पांच सेंटांस दोन पेले विकले. हिरव्या, गुलाबी, मधासारख्या पिंवळ्या रंगांच्या दाबकामाच्या बशा व पेले ओटच्या पिठाच्या खोक्यांत घालून देत, चित्रपटगृहांत तिकिटावर फुकट वांटीत. क्राफ्ट कंपनी १९३३ पासून आपलें लोण्यासारखें चीज चित्रविचित्र रंगविलेल्या लहान पेल्यांत भरून विकूं लागली. चीज संपलें कीं पेला मुलांच्या दुधास. हा सारा माल त्या काळीं कवडीमोल समजला जाई. पुढें हेझल मेरी वेदरमन नांवाच्या विदुषीनें १९७० मध्यें ह्या रंगीत कांचेवर ग्रंथ लिहिला, त्यानंतर तिचा शास्त्रशुद्ध संग्रह सुरू झाला. युद्धोत्तर पेल्यांच्या आजच्या हौसेस पाठ मिळाला तो ह्या उदाहरणाचा.

मंदीनें उंची मालाची काय दशा केली, हेंहि त्याच्या शेजारीं ठेवून पाहिलें पाहिजे. लिबी कंपनीनें ऐन मंदींत ए. डग्लस नॅश या नामांकित कारागिराकरवीं हातानें घडविलेल्या महागड्या कांचेची मोठी मालिका काढली, आणि ती सपशेल पडली. १९३५ मध्यें ती कंपनी ओवेन्स-इलिनॉय या बाटल्यांच्या प्रचंड संस्थेच्या पोटांत गेली. १९३९ च्या न्यूयॉर्क येथील जागतिक प्रदर्शनासाठीं वॉल्टर डॉर्विन टीग व एडविन फ्यूर्स्ट यांनीं आंखलेलीं खांबासारख्या दांड्यांचीं पात्रें हा जुन्या परंपरेचा शेवटचा झगमगाट म्हणावा लागेल. युद्ध आलें आणि लिबीचें हातकाम संपलें. उरलें तें यंत्र.

युद्धानंतर जी घरें उठलीं त्यांची रचना ध्यानांत घेतल्यावांचून ह्या पेल्यांचा अर्थ लागत नाहीं. परत आलेल्या सैनिकांस १९४४ च्या कायद्यानें घरासाठीं कर्जाची हमी मिळाली. न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर १९४७ पासून पुढल्या चार वर्षांत लेव्हिटाउन या एकाच वसाहतींत सतरा हजारांवर घरें बांधून झालीं. तीं लहान, एकसारखीं, आणि मुख्य म्हणजे नोकरावांचून चालवावयाचीं होतीं. मोलकरणीचें काम करणाऱ्या स्त्रिया युद्धकाळांत कारखान्यांत गेल्या होत्या, त्यांतल्या पुष्कळशा परत आल्या नाहींत. शिष्टाचाराच्या सुप्रसिद्ध ग्रंथकर्त्या एमिली पोस्ट यांस तर युद्धापूर्वींच आपल्या ग्रंथाच्या एका आवृत्तींत स्वयंपाकीण, वाढपी आणि यजमानीण या तिन्ही भूमिका एकटीनें वठविणाऱ्या गृहिणीचें पात्र घालावें लागलें होतें. पण त्यांच्या लेखीं ती तडजोड होती. रसेल राइट व त्यांच्या पत्नी मेरी राइट यांनीं १९५० सालीं प्रसिद्ध केलेल्या सुलभ राहणीवरील ग्रंथांत मात्र ती तडजोड हाच नवा धर्म म्हणून मांडिली. रसेल राइट हे त्या काळच्या अमेरिकेंतील अत्यंत लोकप्रिय भांडींआंखक. त्यांचें व त्यांच्या पत्नीचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, ज्या थाटाच्या पाहुणचाराचें ओझें आपण वाहतों तो नोकरचाकरांच्या वाड्यांतून उसना आणिलेला आहे. नोकर गेले, तेव्हां थाटहि जावा. अन्न एका मेजावर मांडावें, ज्यानें त्यानें घ्यावें, पाहुण्यानें आपलें पात्र आपण उचलावें, आणि यजमानीण स्वयंपाकघरांत कोंडलेली नसून मंडळींत बसलेली असावी.

ह्या उपदेशाचा पेल्याशीं संबंध काय, असें कोणी विचारील. संबंध फार निकटचा आहे. वाढपी नाहीं म्हटल्यावर आठ पेले एका खेपेस घेऊन जातां आले पाहिजेत. म्हणून पितळी तारेचा, वर कडी असलेला पिंजरा आला व त्यांत आठ पेले बसूं लागले. पाहुणे उभ्यानें हिंडणार, हातांतला पेला कोठेंहि टेंकविणार. म्हणून नाजूक दांड्याच्या पात्रांऐवजीं जड बुडाचा, उलटा न होणारा बुटका किंवा उंच सरळ पेला रुचला. भांडीं यजमानीणच धुणार. म्हणून फुटला तर हळहळ वाटूं नये इतका तो स्वस्त असला पाहिजे. आणि तरीहि पाहुण्यास मान दिल्याची खूण त्यावर दिसली पाहिजे; म्हणून सोनें! आम्हांस वाटतें, सोन्याची ही नक्षी दिमाखासाठीं थोडी आणि भरपाईसाठीं अधिक होती. जो आदर पूर्वीं नोकराच्या पांढऱ्या हातमोज्यांनीं दाखविला जाई तो आतां पेल्याच्या कांठानें दाखवावयाचा होता.

ही गरज ज्यांनीं नेमकी ओळखली त्यांत फ्रिडा डायमंड यांचें नांव अग्रभागीं घातलें पाहिजे. लिबी कंपनीच्या सल्लागार म्हणून १९४० नंतरच्या दशकापासून त्यांनीं दीर्घकाळ काम केलें. सामान्य गृहिणी काय घेते, कोणत्या पेटींत घेते, भेट म्हणून काय देते, याचा अभ्यास करून त्यांनीं यंत्रास शोभतील असे आकार व नक्षी आंखिल्या. न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयानें १९५० पासून उत्तम आंखणीच्या वस्तूंचीं जीं प्रदर्शनें भरविलीं, त्यांत त्यांच्या पेल्यांचा गौरव झाला. १९५४ मध्यें 'लाइफ' साप्ताहिकानें सर्वांसाठीं आंखणी करणारी स्त्री म्हणून त्यांच्यावर सचित्र लेख घातला. धुक्यासारख्या पांढऱ्या पट्ट्यावर सोनेरी पानें असा लिबीचा जो प्रसिद्ध पेला अमेरिकेच्या कोणत्याहि जुन्या बाजारांत आज हमखास हातीं लागतो, तो ह्याच काळचा. त्या पानांत कलेचा मोठा आविष्कार आहे असें आम्ही म्हणणार नाहीं. पण संग्रहालयांत गौरव पावलेली आंखणी आणि दुकानांत पेटीनें विकला जाणारा माल यांच्यामधील भिंत त्यांनीं जितकी पाडली तितकी पुष्कळ थोर कलावंतांस पाडतां आलेली नाहीं. स्वतः रसेल राइट यांचेच पेले पाहा. १९५१ सालीं वेस्ट व्हर्जिनियांतील मॉर्गनटाउन येथें हातानें फुंकवून घेतलेले त्यांचे पोंवळी, धुरकट व समुद्री रंगांचे पेले आकारानें निःसंशय अधिक सुंदर आहेत. पण ते नाजूक होते, महाग होते, व थोड्याच वर्षांत बंद पडले. सुलभ राहणीच्या उपदेशकाचे पेले सुलभ नव्हते; सुलभ होते ते लिबीचे.

आतां संग्राहकास जो प्रश्न सर्वांत अधिक छळतो त्याकडे येऊं: हा पेला कोणाचा? युद्धोत्तर सोनेरी पेल्यास बहुधा दोन जनक असतात. कोरा पेला लिबी, फेडरल, हेझल-ॲटलस, अँकर हॉकिंग यांपैकीं एखाद्या मोठ्या कारखान्यांत यंत्रावर निघे. कोणत्या कारखान्याचा हें पुष्कळदां बुडाशींच कळतें: लिबीचें वळणदार रोमन एल् अक्षर, हेझल-ॲटलसचें मोठ्या एच्-खालीं लहान ए, फेडरलचें ढालींतील एफ्, हॉकिंगचा नांगर. तो कोरा पेला मग नक्षीकाराच्या कारखान्यांत जाई. तेथें रेशमी जाळींतून वितळकांचेचा रंग उतरवीत, तेलांत मिसळलेलें सोनें कुंचल्यानें वा ठशानें लावीत, आणि पुन्हां मंद भट्टींतून काढून तें कांचेस चिकटवीत. हा सोन्याचा थर माणसाच्या केंसाहून शेंकडों पटींनीं पातळ असतो. ब्रुकलिन येथील कल्व्हर या कारखान्यानें बावीस कॅरेटच्या सोन्याचें हें काम फार भरदार केलें. त्यांची हिरव्या चौकटींभोंवतीं उठावदार सोनें असलेली व्हॅलेन्सिया नांवाची नक्षी जाणत्यास लांबूनच ओळखूं येते. दुसरें मोठें नांव जॉर्जेस ब्रिआर्ड. ह्या नांवाचा मनुष्य मुळांत नव्हताच! युक्रेनमध्यें १९१७ सालीं जन्मलेले आणि १९३७ मध्यें शिकागोस आलेले याशा ब्रॉयडो हे चित्रकार. बाजारी मालासाठीं त्यांनीं हें फ्रेंच वळणाचें नांव घेतलें आणि खरें नांव आपल्या चित्रांसाठीं राखून ठेविलें. काळानें मात्र उलटा न्याय केला. ब्रिआर्डची सोनेरी सही पाहून लोक पेल्याचा भाव वाढवितात, आणि ब्रॉयडोंच्या चित्रांची चौकशी क्वचितच कोणी करतो.

याहून विलक्षण प्रकार डॉरोथी थॉर्प यांच्या नांवाचा झाला आहे. कॅलिफोर्नियांतील ह्या बाईंनीं १९३० नंतरच्या दशकांत कोऱ्या कांचेवर वाळूच्या फवाऱ्यानें फुलें उठविण्याचें सुंदर काम सुरू केलें व नांव मिळविलें. पुढें २००७ पासून अमेरिकन दूरचित्रवाणीवर 'मॅड मेन' ही १९६० च्या जाहिरातधंद्याची कथामाला सुरू झाली. तींतील नायक आपल्या कचेरींत गोल बुडाच्या, रुंद रुपेरी कांठाच्या पेल्यांतून मद्य घेतो. तेव्हांपासून त्या पेल्यांस थॉर्प यांचे पेले असें नांव पडून त्यांच्या किंमती भडकल्या. परंतु ह्या रुपेरी पेल्यांवर त्यांची खूण आढळत नाहीं. उलट तसल्याच कामाच्या कांहीं पेल्यांवर क्वीन्स लस्टरवेअर अशी चिकटपट्टी शिल्लक राहिलेली सांपडते. जाणते संग्राहक वारंवार सांगतात कीं, हें नांव विक्रेत्यांनीं चिकटविलें आहे. तरीहि तें निघत नाहीं, कारण नांवावांचून वस्तु विकत घेण्याचा धीर फार थोड्यांस असतो. आम्हांस यांतील अन्याय दुहेरी दिसतो. थॉर्प यांचें स्वतःचें खरें फुलांचें काम मागें पडलें, आणि ज्या नक्षीकारांनीं व कामकरणींनीं तो रुपेरी कांठ प्रत्यक्ष लावला त्यांस नांवच उरलें नाहीं. पेला सुंदर असेल तर तो निनांवी म्हणून कमी सुंदर होत नाहीं. पण हें पटवून देणें बाजाराच्या हिताचें नाहीं.

हे पेले घरोघर जात असतांना दुसरीकडे काय बुडत होतें, तेंहि येथें सांगणें प्राप्त आहे. ओहायो व वेस्ट व्हर्जिनिया येथील हातकामाचे जुने कारखाने स्वस्त यंत्रमाल आणि युरोप व जपानमधून येणारी कांच ह्या दोहोंच्या कात्रींत सांपडले. न्यूआर्क येथील हायसी १९५७ मध्यें बंद पडला. केंब्रिज ग्लास १९५४ मध्यें बंद होऊन पुन्हां उघडला, पण १९५८ मध्यें कायमचा मिटला. फोस्टोरियानें १९८६ पर्यंत तग धरला. मिल्टन येथील ब्लेंको हा कारखाना मात्र विन्स्लो अँडरसन, वेन हस्टेड, जोएल मायर्स अशा आंखकांस एकामागून एक नेमून, मोठमोठ्या रंगीबेरंगी सुरया काढीत टिकून राहिला. हायसीच्या सांच्यांची हकीकत तर मोठी मौजेची आहे. कारखाना मोडल्यावर ते सांचे १९५८ मध्यें इंपीरियल कंपनीनें घेतले आणि त्यांतून पुन्हां माल काढिला. कांहींवर हायसीची चौकटींतली खूणहि तशीच राहिली, त्यामुळें अस्सल कोणता आणि मागाहूनचा कोणता याचा मोठा गोंधळ उडाला. पुढें इंपीरियलचेंहि दिवाळें निघालें, तेव्हां हायसीच्या संग्राहकांनीं आपली संस्था उभारलेली होती. तिनें १९८५ मध्यें त्यांतील बहुतेक सांचे विकत घेऊन टाकले. माल काढण्यासाठीं नव्हे, तर तो कोणी काढूं नये म्हणून! संग्रहाची वृत्ति येथें कडेलोटास पोंचते. जें यंत्र व जो सांचा असंख्य माणसांच्या हातीं एकच वस्तु देण्यासाठीं जन्मास आला, तो आतां ती वस्तु दुर्मिळ राहावी म्हणून कुलुपांत आहे.

म्हणूनच पेले नुसते मांडून ठेवणाऱ्यांपेक्षां त्यांतून पाहुण्यांस पाजणाऱ्यांकडे आमचें मन अधिक ओढतें. मात्र त्यांनींहि दोन गोष्टी सांभाळल्या पाहिजेत. पहिली आरोग्याची. त्या काळच्या रंगांत शिसें व लाल-पिंवळ्या छटांसाठीं कॅडमियम सर्रास वापरीत. २०१७ मध्यें इंग्लंडांतील प्लिमथ विद्यापीठाच्या एका संशोधनांत नव्या-जुन्या बहात्तर प्रकारच्या पेल्यांची तपासणी झाली, तींत बहुसंख्य ठिकाणीं हीं द्रव्यें आढळलीं. हा केवळ जुन्याच मालाचा दोष आहे असेंहि नाहीं; २०१० मध्यें अमेरिकेंत एका मोठ्या उपाहारगृह-कंपनीनें मुलांच्या चित्रपटासाठीं काढलेले सुमारें एक कोटि वीस लाख रंगीत पेले कॅडमियममुळें परत मागविले होते. तेव्हां जेथें ओंठ टेंकतात त्या कांठापासून दोन बोटें जागा रंगावांचून कोरी आहे असाच पेला पिण्यासाठीं निवडावा, व कांठापर्यंत रंगविलेला शोभेस ठेवावा. लिंबू-कोकमाचें आंबट पेय रंगविलेल्या पेल्यांत तासन्‌तास ठेवूं नये. शिसेमिश्रित कांचेच्या सुरईंत तर कोणतेंहि मद्य वा सरबत रात्रभर राहूं देऊं नये. पेय जितका अधिक काळ राहील तितकें अधिक शिसें त्यांत उतरतें, हें १९९१ पासून सप्रमाण ठाऊक झालेलें आहे.

दुसरी गोष्ट धुण्याची. भांडीं धुण्याच्या यंत्रांतील तीव्र क्षार व उष्णता हे सोन्याचे वैरी होत. पंचवीस-तीस धुण्यांत कांठ फिका पडतो व कांचेवर जें पांढरट धुकें चढतें तें पुन्हां निघत नाहीं. कोमट पाणी, मऊ फडकें आणि दोन हात एवढेंच ह्या पेल्यांस मानवतें. आणि गंमत अशी कीं, ज्या घरांतून हे पेले आज नवेकोरे निघतात तेथें ते 'चांगल्या प्रसंगासाठीं' म्हणून पेटींतच राहून गेलेले असतात. तर ज्या घरांत राइट दांपत्याच्या उपदेशाप्रमाणें ते दर शनिवारीं वापरले गेले तेथील कांठ झिजून गेलेले दिसतात. बाजार पहिल्यांस अधिक भाव देतो. जुन्या मालाच्या दुकानांत तुम्हांस पितळी पिंजरा बहुधा आठ खणांचा मिळेल आणि त्यांत पेले सांपडतील सहा किंवा सात. विक्रेता त्याबद्दल दिलगिरी दाखवील, किंमत थोडी उतरवील, आणि आठवा शोधून देण्याचें आश्वासन देईल. तो आठवा कोणाच्या तरी हातून, बहुधा हंसतां-बोलतां, चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीं फुटलेला असतो.